उजवाच हात, डोक्याच्या वर

हिंगणवाडीच्या काकासाहेबांचा उजवा खांदा ऐन वैशाखात गोठला. नगर जिल्ह्यात पारा बेचाळिसाच्या खाली उतरायला तयार नाही, कोंबड्या चोची उघड्या टाकून गोठ्यात पडलेल्या, आणि राहुरीचे डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणतात, "फ्रोझन शोल्डर. म्हणजे खांदा गोठलाय तुमचा."

"डॉक्टरसाहेब, हितं माठातलं पानी गार व्हईना, आन माझा खांदा गोठला?" काकासाहेब भडकले.

"पन्नाशीनंतर होतो असा. शुगर असली की जास्तच. घाबरू नका, दीड-दोन वर्षांत आपोआप सुटतो."

काकासाहेबांना संताप आला. माणूस झाडावरून पडला, बैलानं उडवला, गेलाबाजार मोटारसायकलवरून घसरला, तर चार लोकांत सांगायला काहीतरी असतं. हे धडधाकट झोपले आणि उठले ते सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. एवढं मोठं दुखणं आणि कारण काय, तर काहीच नाही! आणि वर दीड-दोन वर्षं. काकासाहेबांच्या हाताशी फक्त सव्वीस दिवस होते.

सव्वीस दिवसांनी हिंगणवाडीच्या उपसरपंचाची निवड होती. काकासाहेब दोन नंबर वॉर्डाचे सदस्य, त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई तीन नंबरच्या, आणि उपसरपंचपदाला पुष्पावतीबाई उभ्या होत्या. समोर अमृत. एकूण मतं नऊ. पाच पुष्पावतीबाईंकडची, चार अमृतकडची, आणि त्या पाचांतलं एक काकासाहेबांचं. ते पडलं नाही तर चार-चार होणार, आणि समसमान झालं की सरपंचांचं जादा मत. सरपंच छबूबाई ह्या अमृतच्या सख्ख्या चुलती. म्हणजे हिशेब सरळ होता. काकासाहेबांचा हात वर गेला तर बायको उपसरपंच, न गेला तर अमृत.

आता कुणी म्हणेल, उजवा नाही तर डावा हात वर करावा. हे म्हणणारा हिंगणवाडीचा नव्हे. मागच्या एका निवडीत नऊ सदस्यांचे हात मोजले तर ते अकरा भरले. दोन्ही हात कुणी वर केले याचा पत्ता आजतागायत लागला नाही, पण मारामारी मात्र तीन दिवस पुरली. तेव्हापासून गावानं ठरावच केला, की मतदानाला उजवाच हात आणि तोही डोक्याच्या वर. छातीपाशी घुटमळणारे हात धरले जाणार नाहीत. आणि हा ठराव मांडला कुणी? काकासाहेबांनी. त्या वेळी त्यांचा खांदा ठणठणीत होता, आणि ठणठणीत खांद्याच्या माणसाला असे ठराव सुचतात.

मग उपचार सुरू झाले. कोल्हारच्या एका जाणकारानं मिठाची पोटली सांगितली, ती शेकून कातडी सोलवटली. कुणी एरंडाचं पान सांगितलं, कुणी कोंबड्याची चरबी. आठ दिवस गेले तरी हात काही बरगडी सोडेना. शेवटी राहुरीच्या डॉक्टरांचा कंपाउंडर कानाशी लागला. "नगरला सावेडीत एक मॅडम हायेत. सुया टोचत्यात. माझ्या सासूचा खांदा आसाच धरला हुता, आता वळनीवर गोधड्या टाकतीय."

काकासाहेब दुसऱ्याच दिवशी सावेडीत पोचले. मिठाईच्या दुकानाशेजारून जिना होता. चौदा पायऱ्या चढून गेल्यावर दारावरचा बोर्ड दिसला, 'पारंपरिक चिनी उपचार केंद्र', आणि त्यावर जीभ बाहेर काढलेला एक लाल ड्रॅगन. काकासाहेब आल्या पावली सात पायऱ्या खाली उतरले.

उतरणं भाग होतं. पाच वर्षांपूर्वी चिनी मालावर बहिष्काराची लाट आली, तेव्हा हिंगणवाडीच्या चौकात होळी पेटवली ती काकासाहेबांनीच. शपथ मोठ्यानं वाचली होती अमृतनं, कारण गावात सगळ्यात मोठा आवाज त्याचा. तेव्हा दोघांचं गूळपीठ होतं, पुढे पाइपलाइनीवरून फाटलं. त्या होळीत लोकांनी दिव्याच्या माळा टाकल्या, बॅटऱ्या टाकल्या, आणि काकासाहेबांनी तर घरातलं पाठ-खांदे दाबायचं मशीन टाकलं. ते पुष्पावतीबाईंचं होतं. त्यांचा खांदा दुखतो म्हणून त्यांच्या भावानं सुरतेहून पाठवलेलं. "दुखनं सोसीन, पर चीनचं घरात ठेवनार न्हाई!" असं काकासाहेब गरजले होते आणि गावानं टाळ्या वाजवल्या होत्या. दुखणं पुष्पावतीबाईंचं होतं हे टाळ्यांच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

तर सात पायऱ्या उतरले. तेवढ्यात कठड्याला धरलेला हात जरा ताणला गेला आणि खांद्यातून अशी काही कळ गेली, की काकासाहेब मुकाट्यानं सात पायऱ्या पुन्हा चढले.

डॉक्टर अश्विनी तरुण होत्या आणि वागायला गोड होत्या. त्यांनी रजिस्टर उघडलं. "काका, नाव सांगा."

"काकासाहेब."

"हो काका, पण नाव काय?"

"आवो, तेच नाव हाय. काकासाहेब."

"बरं, काका म्हणते ना मी तुम्हाला. आधार कार्डावर काय आहे?"

काकासाहेबांनी कार्ड काढून टेबलावर आपटलं. डॉक्टरबाई ओशाळल्या आणि भरपाई म्हणून की काय, पहिल्याच दिवशी अकरा सुया टोचल्या. दहा खांद्यात आणि हातात. अकरावी घेऊन त्या पायाकडे गेल्या तसे काकासाहेब उसळले.

"मॅडम, खांदा हिकडं हाय!"

"हो काका, पण खांद्याचा एक बिंदू नडगीशेजारी असतो."

"ह्यो कुठला न्याय? रोग हाल्याला आन इंजेक्शन पखालीला!"

पण सुया गेल्या. मग दवण्याच्या कुळातल्या कुठल्याशा पाल्याची जाड कांडी पेटवून खांद्याजवळ धरली, तिचा धूर सदऱ्यात बसला. शेवटी पाठीवर काचेचे पेले लावले, ते कातडी ओढून घट्ट बसले. पेले निघाल्यावर पाठीवर जांभळे गोल वळ उठले. घरी करायचा व्यायाम म्हणजे भिंतीशी उभं राहायचं आणि मुंगी चढते तशी बोटं एकेक करत वर न्यायची. घाई करायची नाही, आणि खाली आणतानाही तसंच, बोटाबोटानं. एकदम सोडला की हात आखडेल, असं डॉक्टरबाईंनी बजावलं.

एक मात्र खरं, की गुण येत होता. तिसऱ्या खेपेला बोटं छातीपर्यंत चढली, चौथीला हनुवटीपर्यंत. काकासाहेब गोठ्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारून ठेवत. गुण यावा आणि तो चीनचा असावा, याची त्यांना फार चीड येत असे.

चौथ्या खेपेनंतर अंघोळीला बसले असताना पुष्पावतीबाई पाठ चोळायला आल्या आणि थबकल्या.

"आवं, ही पाठीवर गोल गोल काय उठलंय?"

"काय न्हाई. घामोळं."

"घामोळं आसं मापात उठतं व्हय?"

"मंग कुनी चावलं आसंल."

पुष्पावतीबाईंनी एका वळावर वीत टेकवून पाहिली. "एवढं मोठं तोंड गावात एकाच मानसाचं हाय, आन त्यो अमृत," एवढंच बोलल्या आणि तांब्या ठेवून आत गेल्या. काकासाहेबांना वाटलं, सुटलो.

पाचव्या खेपेला घात झाला. काकासाहेब उताणे पडले होते, सुया टोचून झाल्या होत्या, आणि "पंचवीस मिनिटं अजिबात हलायचं नाही, सुई वाकेल" असं सांगून डॉक्टरबाई बाहेर गेल्या होत्या. पडद्यापलीकडच्या खाटेवरून कुणीतरी कण्हलं. नुसतं कण्हलं तरी भिंत हादरली.

काकासाहेबांना तो आवाज ओळखीचा वाटला. "कोन हाय रं तिकडं?"

 पलीकडून आवाज जमेल तितका बारीक करून कुणीतरी म्हणालं, "कुनी न्हाई."

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं पडदा उडाला. पलीकडे पालथा पडलेला अमृत होता. पाठीवर सहा पेले, मानेत चार सुया.

"अमृत! लाज न्हाई वाटत? शपथ वाचली हुतीस तू!"

"मी नुसती वाचली. जाळलं तू. वाचनाऱ्यापरीस जाळनारा मोठा."

"हितून उठून तुझ्या कानाखाली..."

"ऊठ की. ऊठ. सुई वाकंल."

काकासाहेब उठू शकले नाहीत आणि अमृतला मान वळवता आली नाही. दोघं आपापल्या छताकडं आणि फरशीकडं बघून भांडत राहिले. पाइपलाइन निघाली, बांध निघाला, अमृतच्या पुतणीच्या लग्नात काकासाहेबांना फेटा बांधला नाही तेही निघालं. हाताची मूठ आवळल्याशिवाय भांडायला मजा येत नाही हे दोघांच्याही लक्षात आलं. पंधरा मिनिटांत भांडण विझलं.

"कवापास्नं येतोस?" काकासाहेबांनी विचारलं.

"तुझ्याआधीपास्नं. आठवी खेप हाय."

"कंचा खांदा?"

"उजवाच की."

"हात कुठवर जातो?"

"छातीवर. त्यो बी डाव्यानं उचलून. तुझा?"

"कानापत्तुर. भिंत धरून."

"म्हंजी तू माझ्या फुडं हायस," अमृत जळून म्हणाला.

मग दोघांनाही एकदम निवडणूक आठवली. अमृतला स्वतःला मत द्यायचं तर उजवाच हात वर करायला हवा होता.

"तुझा त्यो ठराव!" अमृत फरशीकडं बघून म्हणाला. "गाढवाला सुचनार न्हाई आसला ठराव. आता एक काम कर. गुप्त मतदान माग. चिठ्ठीवर शिक्का मारू, हात कशाला हलवायचा?"

"मी मागितलं तर माझीच मानसं म्हनतील, चोराच्या मनात चांदनं. तू माग."

"माझी बी तेच म्हनतील."

शेवटी एवढंच ठरलं, की मरेपर्यंत कुणी कुणाचं नाव सांगायचं नाही. काकासाहेबांनी कोल्हारच्या भगवतीमातेची आण घेतली आणि अमृतनंही घेतली. हात पुढं करता येत नव्हते म्हणून वचन तोंडीच झालं.

उपचार उरकले, पण सदरे घालायची पंचाईत झाली. एरवी ते काम वॉर्डबॉय करत असे, आज तो रजेवर. डॉक्टरबाईंना सांगायची दोघांनाही लाज. मग अमृतनं डाव्या हातानं काकासाहेबांची बाही धरली, काकासाहेबांनी डाव्या हातानं अमृतच्या गुंड्या लावल्या. जिना अरुंद होता, एकाला कठडा लागत होता आणि दुसऱ्याला भिंत, म्हणून दोघं एकमेकांना चिकटून खाली उतरले. आणि खाली मिठाईच्या दुकानात पुष्पावतीबाईंच्या विजयाच्या पेढ्यांची ऑर्डर द्यायला आलेला गोरक्षनाथ उभा होता. गोरक्षनाथ हा पुष्पावतीबाईंच्या पाच मतांपैकी एक.

त्यानं गावात जाऊन सांगितलं ते अक्षरशः खरं होतं, हाच खरा संतापाचा भाग. "ह्या डोळ्यांनी बघितलं! खांद्याला खांदा लावून उतरत हुते दोघं. अमृत काकासाहेबांची कॉलर नीट करत हुता!"

दिवस मावळायच्या आत काकासाहेबांच्या अंगणात सगळी मंडळी जमली. मंगळवारी आणि शुक्रवारी काकासाहेब नगरला जातात, तीन तास मोबाईल बंद असतो आणि अंगाला उदबत्तीसारखा वास येतो, हे सगळं ज्याच्या त्याच्या ध्यानात आधीपासून आलेलंच होतं, असं आता निघालं.

"कुठं बैठका चालल्यात तुमच्या?" गोरक्षनाथानं विचारलं.

"बैठक न्हाई रं बाबा. खांदा दुखतो म्हनून डॉक्टरकडं जातो."

"कोनचा डॉक्टर? नाव सांगा."

 काकासाहेबांच्या डोळ्यांसमोर तो लाल ड्रॅगन उभा राहिला.

"बघा! नाव सांगता येईना. आन आता ऐन टायमाला खांदा दुखतो म्हनून हात वर न्हाई करायचा, आसं ठरलंय न्हवं?"

"कोन म्हनतं?" काकासाहेब कडाडले. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बायकोच्या मतावरून, स्वतःच्या माणसांनी आपल्याला फितूर म्हणावं! "भगवतीमातेची आन घेऊन सांगतो, माझा हात वर जानार! उजवा जानार! डोक्याच्या वर जानार!"

पुष्पावतीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं नुसतं पाहिलं. "मला काय सांगायचं आसंल तर सांगा," त्या म्हणाल्या.  काकासाहेबांनी डाव्या हातानं चहा घेतला.

निवडीच्या आदल्या दिवशी शेवटची रेघ डोक्याच्या चार बोटं वर गेली. पण भिंत लागायचीच. आणि तळापासून वर जायला बोटांना पुरी दीड मिनिटं लागायची, काकासाहेबांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. म्हणून त्यांनी ग्रामसेवक कल्याण यांना आडून आडून विचारून घेतलं, की आधी नाव कुणाचं घेणार. "ज्याचा अर्ज आधी, त्याचं नाव आधी," कल्याण म्हणाले. अर्ज आधी पुष्पावतीबाईंचा होता. काकासाहेबांचा बेत पक्का झाला. भिंतीकडची खुर्ची पकडायची, नियम वाचायला लागले की बोटं चढवायला घ्यायची, आणि पुष्पावतीबाईंचं नाव येईतो हात डोक्याच्या वर.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये काकासाहेब सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीला लागून बसले. समोर अमृत येऊन बसला, दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही. सरपंच छबूबाई खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "मतदान चालू आसताना कुनी चकार शबूद काढायचा न्हाई. काढला की मत बाद."

कल्याण नियम वाचायला लागले. काकासाहेबांची बोटं भिंतीवरून निघाली. 'सदस्यांनी शांतता राखावी' याला कंबर ओलांडली. 'उजवा हात डोक्याच्या वर' याला काख सुटली, कपाळाला घाम आला. बोटं पाणीपट्टीच्या नोटिशीवरून गेली, लसीकरणाच्या तक्त्यावर चढली. कानापर्यंत आली, तशी काकासाहेबांनी दात खाऊन आणखी चार बोटं चढवली. आणि हात डोक्याच्या वर पोचला! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच क्षणी कल्याण म्हणाले, "तालुक्याहून सूचना आली आहे, नावं अकारविल्हे घ्यावीत. तर पहिलं नाव, अमृत. अमृत यांच्या बाजूचे हात वर करा."

काकासाहेबांना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा कल्याण हात मोजत होते. छबूबाई एक, पलीकडचे दोन सदस्य मिळून तीन, आणि भिंतीवर ताठ उभा असलेला काकासाहेबांचा उजवा हात.

"चार," कल्याण म्हणाले.

 काकासाहेबांनी हात खाली घ्यायला पाहिला. हात येईना. एकदम सोडावा तर आखडेल, बोटाबोटानं उतरावं तर दीड मिनिटं. बोलावं तर मत बाद, मग बायकोच्या नावालाही तो हात धरला जायचा नाही. त्यांनी डोळ्यांनी, भुवयांनी, मानेनं नाही नाही म्हणून पाहिलं. गोरक्षनाथ दात खात त्यांच्याकडं बघत होता. पुष्पावतीबाई बघत नव्हत्या, त्या समोरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या.

आणि अमृत? बिचाऱ्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलायला घेतला होता. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. दोन्ही तळवे एकमेकांना चिकटले, मान कळेनं खाली गेली. बघणाराला वाटावं, माणसानं पुष्पावतीबाईंना हात जोडले.

"अमृतराव, तुमचं स्वतःचं मत?" कल्याणनी विचारलं. जोडलेले हात काही वर गेले नाहीत. ठरावाप्रमाणे ते धरले गेले नाहीत.

"आता पुष्पावतीबाई." पुष्पावतीबाई, गोरक्षनाथ, आणखी दोघं. चार हात. पाचवा काकासाहेबांचा, तो अजून तसाच वर होता. कल्याणनी तो बघितला आणि मान हलवली. "हा मघाचाच हात आहे. एकदा मोजलेला हात पुन्हा मोजता येत नाही. समसमान, चार-चार. सरपंचांनी निर्णायक मत द्यावं."

अमृतकडच्यांचे चेहरे फुलले. छबूबाई मात्र पुतण्याकडं टक लावून बघत होत्या. "आरं अमरत, तुझा तू हात वर केला न्हाई. वर हात जोडून बसलास. हे काय?"

"काकी..." अमृत कळ दाबत म्हणाला. "खांदा... न्हाई झेपत..."

 छबूबाई उभ्या राहिल्या. "ऐकलं का? पोरगं म्हनतंय, ही जबाबदारी माझ्या खांद्याला झेपायची न्हाई. बाईमानसाच्या विरोधात त्यानं सवताला मत दिलं न्हाई, हात जोडलं! आन तिचा सख्खा नवरा बघा!" सगळ्यांनी बघितलं. सख्ख्या नवऱ्याचा हात लसीकरणाच्या तक्त्यावरून इंच इंच खाली येत होता. "माझं मत पुष्पावतीला!"

टाळ्या पडल्या. पहिला पेढा गोरक्षनाथानं अमृतच्या तोंडात घातला. ज्या माणसानं काकासाहेबांच्या घरचा चहा सोळा वर्षं ढोसला, त्यानं! मग शाल आली, नारळ आला. नव्या उपसरपंच पुष्पावतीबाईंनी अमृतच्या खांद्यावर शाल टाकली, त्या वजनानं अमृतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते बघून दोन्हीकडच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. इतिवृत्तात कल्याणनी सगळं लिहून घेतलं. काकासाहेबांचं मत पत्नीच्या विरोधात, हेही लिहून घेतलं आणि सही मागितली. काकासाहेबांनी ती डाव्या हातानं केली. जाता जाता अमृत कानाशी वाकला. "भगवतीमातेची आन घेतलीय, ध्यानात ठिव," तो म्हणाला आणि गळ्यात हार घालून निघून गेला.

दिवेलागणीला काकासाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. पुष्पावतीबाई भाकरी थापत होत्या.

"पुष्पा, एक सांगायचं हुतं."

"सांगा."

अमृतचं नाव तेवढं गाळून काकासाहेबांनी सगळं सांगितलं. ड्रॅगन, सुया, पेले, भिंतीवरच्या रेघा, अकारविल्हे. सांगता सांगता त्यांचा आवाज चढत गेला. बायकोला मत द्यायला माणूस पंधरा दिवस सुया टोचून घेतो, आणि गाव त्याला फितूर म्हणतं!

"मला ठाव हाय," पुष्पावतीबाई म्हणाल्या.

"काय ठाव हाय?"

"तुमच्या पाठीवरची वळं बघितली तवाच कळलं. माझी आजी, केशरबाई, म्हशीच्या शिंगाच्या तुंबड्या लावायची. अंग धरलं, खांदा धरला, की लाव तुंबडी. तिची वळं अशीच उठायची. आन धुराचा वास दवण्याचा, त्यो काय मला नवा हाय? गोठ्याच्या भिंतीवर रेघा बी बघितल्या. रोज एक चढत हुती."

 काकासाहेब एकदम ताठ बसले. "म्हंजी ह्ये आपलंच हाय की! केशरबाईचंच! चीनचं कुठाय ह्यात? मंग आता सांगायला काय हरकत? तू उपसरपंच हायस, तुझा शब्द ऐकतील. उद्या चौकात सांग, म्हनावं काकासाहेब दगाबाज न्हाई, त्याचा खांदा दुखत हुता."

पुष्पावतीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "माझा खांदा सा महिनं ठनकत हुता. भावानं मशीन धाडलं. एका हप्त्यात आराम पडला हुता. तुमी चौकात नेऊन जाळलं. काय म्हनला हुता तवा?"

काकासाहेबांनी मान खाली घातली.

"दुखनं सोसीन म्हनला हुता. माझं न्हवं, आता तुमचं सोसा."

"सोसतो. सगळं सोसतो. निदान एवढं तरी सांग लोकास्नी, की मी बायकोला दगा दिला न्हाई."

"न्हाई बाई. मला ह्यातलं काईच म्हाईत न्हाई," पुष्पावतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पिठानं माखलेले हात वर केले. दोन्ही. थेट डोक्याच्या वर, भिंत न धरता.